रात्रीची गार झुळूक गेली, आता घरातल्या बुढ्या माणसांचं काय?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात साठीच्या पुढचं कोणी असेल, किंवा गावाकडे आई-वडील एकटे राहत असतील, तर शेवटपर्यंत वाचा.

"वाशिम अकोल्यापेक्षा थंड" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खोटं नाही. अकोला खाली सपाटीवर, जेमतेम 280 मीटर उंचीवर. आपण वर पठारावर, साधारण 550 मीटरवर. इंग्रजांच्या काळात वाशिम वेगळा जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडून अकोल्यात घातला आणि पुन्हा वेगळा व्हायला 1 जुलै 1998 उजाडला. त्या पहिल्या जिल्ह्याच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये वाशिमच्या हवेचं चक्क कौतुक आहे. उन्हाळ्यात दिवसा गरम वारा वाहतो, पण रात्री गार झुळूक सुटते, म्हणून वऱ्हाडातल्या इतर जिल्ह्यांपेक्षा इथली हवा बरी, असा त्याचा मथितार्थ.

नीट बघा, दिवस थंड असतो असं तिथे म्हटलेलंच नाही. रात्र थंड असते, एवढंच म्हटलं आहे. आपली सगळी गंमत त्या रात्रीत होती.

जुन्या लोकांनी उन्हाळ्याची सगळी मांडणी याच हिशेबाने केली होती. जाड मातीच्या भिंती, धाब्याची नाहीतर माळवदाची घरं, छोट्या खिडक्या. दुपारी बाहेर आग असली तरी आत बसवत होतं. शेतातली कामं पहाटे उरकायची, दुपारी दार लोटून पडायचं, संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचं आणि रात्री बाजा बाहेर काढायच्या. बुढा-बुढी घराच्या कोपऱ्यात नाही, सगळ्या आळीच्या नजरेसमोर झोपत. सकाळी कोणी उठलं नाही तर शेजाऱ्याला आधी कळे.

पाणी हाही गावाचा विषय होता. वाशिम शहरात पद्मतीर्थ आहे, बालाजी मंदिराजवळ देवतलाव आहे. भोसल्यांच्या अमदानीत भवानी काळूंनी हे मंदिर उभारलं. असे तलाव उन्हाळ्यासाठीच बांधले असं नाही, पण काठावर सावलीला टेकायची जागा सगळ्यांना मिळाली. रस्त्यावर पाणपोई घालणं हे पुण्य होतं. अक्षय्य तृतीयेला तर आपण आजही पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. ऐन उन्हाळ्यात तहानलेल्याला पाणी द्यावं, ही त्यामागची साधी गोष्ट.

जुना काळ सोन्याचा होता असं मात्र कोणी समजू नये. 1899-1900 च्या दुष्काळाने वऱ्हाडात माणसं आणि गुरं दोन्ही गेली. पटकी यायची, सलाईन नव्हतं, सत्तरी गाठणारेच थोडे होते. आज सत्तरी-ऐंशीची माणसं घरोघरी आहेत, ही कमाईच आहे. पण नेमकी ही माणसं वाढली तेव्हाच आपण ती गार रात्र घालवून बसलो.

कशी घालवली? धाब्याच्या जागी टिनाचं छप्पर आलं, मातीच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. त्यात चूक कोणाची नाही. धाबं दरवर्षी दुरुस्त करायला माणसं आणि वेळ कुठून आणायचा? पण टिन दुपारी तव्यासारखं तापतं आणि खाली झळ फेकतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. बाहेर झुळूक असली तरी आत भट्टी. आणि चोरांच्या, डासांच्या भीतीने दार-खिडकी बंद.

याचा म्हाताऱ्या शरीरावर काय परिणाम होतो? वय झालं की तहान लागल्याचं लवकर कळत नाही, घामही कमी येतो. अंग थंड ठेवायला हृदयाला रक्त कातडीकडे जास्त ढकलावं लागतं. दिवसभराच्या या कष्टानंतर त्याला रात्री विसावा हवा. तो मिळाला नाही, असे तीन-चार दिवस गेले, की माणूस ढासळतो. घरात, बाजेवर, उन्हात पाऊलही न टाकता. मग आपण म्हणतो, "अटॅक आला", "वय झालंच होतं". उन्हाचं नाव कुठेच लागत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. जुलै 1995 मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त दगावली. त्यात म्हातारी, एकटी राहणारी, भीतीने दारं-खिडक्या लावून बसलेली माणसं खूप होती. तिथल्या महापौरांना आकडा पटेना, पण शवचिकित्सा करणारे प्रमुख डॉक्टर मागे हटले नाहीत. ऑगस्ट 2003 मध्ये फ्रान्समध्ये सुमारे 15,000 बळी गेले, बहुतेक वृद्ध. सुट्टीचा महिना, अनेकांची मुलं बाहेरगावी. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर जस्ताचे पत्रे आहेत. त्या पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत राहणाऱ्यांना जास्त धोका होता. आपलं टिन आणि त्यांचं जस्त, फरक किती? पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि एकट्या वृद्धांची नावनोंदणी नगरपालिकांकडे आली. लाट आली की यादीतल्या माणसांना फोन जातो.

आपल्या देशात हा धडा अहमदाबादने घेतला. मे 2010 मध्ये तिथे पारा 46 च्या वर गेला. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तर 1,344 जास्त निघाले. 2013 मध्ये शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, पाण्याची सोय करायची. पुढे झोपडपट्टीतल्या छपरांना पांढरा चुना लावायची मोहीमही आली. तिन्ही ठिकाणी सुरुवात एकाच गोष्टीने झाली: मेलेली माणसं मोजली.

आपल्याकडे काय दिसतं? एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली, सगळा महाराष्ट्र हळहळला, कारण ते हजारोंच्या देखत घडलं. 24 एप्रिल 2024 ला पुसदच्या सभेत नितीन गडकरींना भोवळ आली, तेही कॅमेऱ्यासमोर. मे 2024 मध्ये शेजारच्या अकोल्यात तर उन्हापायी जमावबंदीचा आदेश निघाला. पण टिनाखाली एकटी पडलेली बुढी माय ना सभेत असते, ना जमावात. तिच्यासाठी कोणता आदेश?

आता मुद्द्याचं बोलतो. पुसदच्या त्या सभेनंतर दोनच दिवसांनी, 26 एप्रिल 2024 ला, आपल्या यवतमाळ-वाशिम मतदारसंघात मतदान झालं. त्या निवडणुकीत 85 वर्षांवरच्या मतदारांना घरूनच मत देण्याची सोय होती. ज्यांनी अर्ज भरला त्यांच्या दारात कर्मचारी पेटी घेऊन गेले. म्हणजे यादी करता येते, दारापर्यंत जाता येतं. एका मतासाठी हे जमतं, तर मे महिन्यात "आजी, पाणी प्यालात का?" एवढं विचारायला का जमू नये?

म्हणून ग्रामपंचायतींकडे आणि नगरपालिकांकडे मागण्या चारच:

1. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची वॉर्डनिहाय यादी करा. लाटेच्या दिवसांत दुपारी आणि रात्री कोणीतरी दार वाजवेल असं बघा. सगळं आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका, गावातली तरुण मंडळं आहेत.
2. श्रावणबाळ, निराधारचे पैसे काढायला येणाऱ्यांना बँकेत सकाळी लवकर नंबर द्या. सावली आणि पिण्याचं पाणी ठेवा.
3. घरकुलांच्या आणि टिनाच्या छपरांना पांढरा चुना लावायला मदत करा.
4. एप्रिल-मे मधले गावातले सगळे मृत्यू मागच्या वर्षांशी ताडून पाहा.

आणि घरच्यांनी काय करायचं?

तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी द्या. ताक, पन्हंही चालेल, पण साखर आणि बीपी बघून. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्यांबद्दलही विचारा, मनाने बंद करू नका. खोलीतली हवाच अंगापेक्षा गरम असेल तर नुसता पंखा गरम वाराच फेकतो, तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसत राहा. कुलर लावला तर एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा साचतो. रात्री त्यांना टिनाखाली नको, अंगणात किंवा घरातल्या सगळ्यात गार खोलीत झोपवा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय, शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी घालून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

पुण्या-मुंबईत असलेल्यांना एकच विनंती. रात्री फोन कराल तेव्हा "जेवलीस का" यासोबत "कुठे झोपलीस" हेही विचारा. आणि शेजाऱ्याचा नंबर जवळ ठेवा.

अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतोच आपण. जे अजून आपल्यात आहेत, त्यांच्या उशाशी आज रात्री तांब्या भरून ठेवू या.

तुमच्या गावात अशी यादी कोणी केली असेल तर खाली जरूर लिहा. बाकीच्या गावांना कामी येईल.