रस्त्यांच्या स्थितीची माहिती देणारी वाहने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रस्त्याची अवस्था सर्वांत आधी कळते ती त्यावरून जाणाऱ्या वाहनाला. खड्ड्यात चाक आदळते, निसरड्या जागी ते घसरते. वाट बंद असल्यास वाहन माघारी वळते. हा अनुभव पूर्वी बहुधा चालकापुरताच मर्यादित राहत असे. तो नोंदवून इतरांपर्यंत पोहोचविण्याची पद्धती कशी विकसित झाली व तिच्या मर्यादा कोणत्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खास वाहनांकडून सामान्य वाहनांकडे :
विसाव्या शतकात रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्यासाठी खास उपकरणे बसविलेली वाहने वापरली जात. निरनिराळ्या उपकरणांची मापे परस्परांशी जुळत नसत. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगातून यासाठी एक समान निर्देशांक पुढे आला. तथापि, अशी वाहने मोजकीच असल्याने प्रत्येक रस्त्याची वारंवार पाहणी करणे शक्य नव्हते.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी काढून टाकली. परिणामी सामान्य वाहनाचे स्थानही पुष्कळ अचूकपणे कळू लागले. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘पॉटहोल पेट्रोल’ या प्रयोगात बॉस्टन परिसरातील ७ टॅक्सींवर धक्के मोजणारी उपकरणे व जीपीएस बसवून खड्ड्यांचा शोध घेतला. त्याच वर्षी बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ‘नेरिसेल’ या प्रकल्पात मोबाइल फोनचाच उपयोग केला. भारतीय वाहतुकीचे स्वरूप ध्यानात घेऊन त्यात धक्क्यांबरोबर हॉर्नचे आवाजही टिपण्यात आले.

जपानमधील आपत्ती :
या पद्धतीची खरी कसोटी जपानमध्ये लागली. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीने ईशान्य जपानमधील अनेक रस्ते उद्ध्वस्त झाले. दुसऱ्याच दिवशी होंडा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या वाहनांकडून आलेल्या नोंदींवरून, प्रत्यक्ष वाहने गेलेल्या रस्त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. १९ मार्चपासून आयटीएस जपान या संस्थेने होंडा, टोयोटा, निसान व पायोनियर यांची माहिती एकत्रित करून दिली. मदत घेऊन निघालेल्यांना कोणती वाट धरावी, हे त्यावरून ठरविता येऊ लागले. मात्र नकाशावर रेषा नाही म्हणून तो रस्ता बंदच आहे, असे म्हणता येत नव्हते. तेथून नोंद करणारे वाहन गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

समन्यायाचा प्रश्न :
हीच अडचण शांततेच्या काळातही उद्भवते. बॉस्टन शहराने २०१२ मध्ये ‘स्ट्रीट बम्प’ हे मोबाइल अ‍ॅप नागरिकांसाठी आणले. गरीब व वृद्ध नागरिकांकडे स्मार्टफोन कमी असल्याने त्यांच्या वस्त्यांतील खड्डे नोंदीतून निसटण्याचा धोका होता. म्हणूनच तेथील प्रशासनाने ते प्रथम शहराच्या सर्व भागांत फिरणाऱ्या रस्ता निरीक्षकांच्या हाती दिले होते.

निष्कर्ष :
सामान्य वाहनांच्या सहभागामुळे रस्त्यांची माहिती त्वरित व अल्प खर्चात मिळू लागली, हे निर्विवाद आहे. परंतु वाहने जातात तेथलीच माहिती मिळते; ज्या वस्तीत वाहने तुरळक, तिचा रस्ता नकाशावर मूक राहतो. या मौनाचा अर्थ ‘तक्रार नाही’ असा लावून दुरुस्तीचा निधी वाटल्यास आधीच उपेक्षित असलेला भाग अधिक उपेक्षित होईल. म्हणून वाहनांच्या नोंदींना सर्व वस्त्यांतून होणाऱ्या नियमित पाहणीची जोड देणे अगत्याचे ठरते.