ग्रंथालयांमार्फत मिळणारे ऑनलाइन संशोधन-साहित्य : मोफत काय, सभासदत्वावर काय

आपल्या एका सभासदांच्या नातीला अकरावीत प्रकल्प होता : बडोदे संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण. विषय आपल्या घरचाच. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. मुलीने इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा एका परदेशी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नेमका हवा तो लेख दिसला. वाचायचा तर तीस-चाळीस डॉलर भरा. आजोबांनी क्रेडिट कार्ड काढले आणि भरले. नंतर माझ्याकडे विषय निघाला तेव्हा पाहिले, तर तोच लेख दुसऱ्या ठिकाणी नुसती नोंदणी करून वाचता येत होता. गेलेले पैसे काही परत येत नाहीत. असे पुन्हा कोणाचे होऊ नये म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

प्रथम शब्दाबद्दल. संशोधनाचा डेटाबेस म्हणजे नियतकालिके, प्रबंध, जुनी पुस्तके, वृत्तपत्रे यांचा असा संग्रह, ज्यात प्रत्येक लेखाची लेखक, वर्ष, खंड, पृष्ठ अशी नोंद असते. गूगलवर जे मिळते ते कोणी लिहिले आणि केव्हा लिहिले याचा पत्ता बहुधा नसतो. डेटाबेसमधला लेख म्हणजे खातेवहीतली नोंद : व्हाउचर मागितले तर दाखवता येते. हल्ली मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना संदर्भ विचारतात आणि ती साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावे अगदी ऐटीत देतात. असा प्रत्येक संदर्भ खाली दिलेल्या एखाद्या ठिकाणी तपासून पाहावा. तिथे सापडला नाही तर प्रकल्पात घालू नये.

अमेरिकेत कार्डावर मिळते, आपल्याकडे का नाही

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, म्हणून हा फरक सांगणे आवश्यक आहे. तिथे गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड, पत्त्याचा पुरावा दाखवून बहुतेक ठिकाणी मोफत मिळते. त्या कार्डाचा क्रमांक घरच्या संगणकावर टाकला की एब्स्को, प्रोक्वेस्ट, गेल अशा कंपन्यांचे डेटाबेस उघडतात. पैसे राज्याने किंवा ग्रंथालयाने भरलेले असतात. जॉर्जिया राज्यात ‘गॅलिलिओ’ नावाची अशी व्यवस्था १९९५ पासून आहे आणि ओहायोत शाळांसाठी ‘इन्फोहायो’ आहे. नातवंडांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी तिथल्या ग्रंथालयात एक चक्कर जरूर मारावी.

आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर पुस्तक घरी नेता येते, पण घरबसल्या डेटाबेस उघडण्याची सोय सहसा मिळत नाही. इथे पैसे मुख्यतः विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यासाठी भरले जातात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी-अध्यापक, असा तिचा आवाका आहे. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. व्यवस्था पाहते ती गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था, म्हणजे आपल्या शेजारचीच. आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ राज्य सरकारी विद्यापीठ असल्याने या वर्गात बसते. ज्यांची मुले-सुना तिथे शिकतात वा शिकवतात, त्यांना प्रवेशाची पद्धत ग्रंथालयात समजेल.

पण मंजूर झालेल्या योजनेत सार्वजनिक ग्रंथालये नाहीत, शाळा नाहीत, खासगी महाविद्यालयेही नाहीत. मला हे खटकते, आणि बडोद्याच्या माणसाला जरा जास्तच खटकावे. याच शहरात महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी विभागांसह. या चळवळीचा वृत्तांत ज. स. कुडाळकर यांनी १९१९ साली पुस्तकरूपाने लिहिला. नोकरदार, शिक्षक, शेतकरी कोणीही वाचक होऊ शकतो, हे त्या व्यवस्थेने धरूनच चालले होते. आज खासगी शाळेतल्या शिक्षिकेला किंवा आमच्यासारख्या निवृत्ताला त्या १३,००० नियतकालिकांचा दरवाजा बंद आहे.

मात्र एक फट आहे. प्रकाशकांच्या अनेक करारांत, ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन तिथल्या संगणकावर वाचणाऱ्याला परवानगी असते. ती बाहेरच्या वाचकाला द्यायची की नाही हे त्या-त्या ग्रंथालयाच्या नियमांवर असते. तेव्हा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात किंवा जवळच्या महाविद्यालयात जाऊन सरळ विचारावे. माजी विद्यार्थी असाल तर तेही सांगावे. नकार मिळाला तरी आपले काही जात नाही.

जे सर्वांना मोफत आहे

शालेय मुलांसाठी सुरुवात नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियापासून करावी. शिक्षण मंत्रालयासाठी ती आयआयटी खरगपूरने उभारली आणि १९ जून २०१८ रोजी देशाला खुली झाली. इयत्ता, विषय, भाषा यांनुसार गाळणी लावता येते. एक गोष्ट लक्षात ठेवावी : ही मूलतः सूची आहे. नोंद तिथे दिसते, पण पुस्तक किंवा लेख पुष्कळदा दुसऱ्याच संस्थेच्या संकेतस्थळावर असतो आणि तिथे गेल्यावर एखादे वेळी कुलूप दिसते. मुले वैतागतात. गाळणीत मुक्त प्रवेशाचा पर्याय निवडला तर हा त्रास बराच कमी होतो. शाळेला या ग्रंथालयाचा क्लबही काढता येतो. शाळेच्या ग्रंथपालांना विचारून पाहावे. लहान मुलांसाठी २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेले राष्ट्रीय ई-पुस्तकालयही आहे. ते नॅशनल बुक ट्रस्टचे, मोफत, आणि त्यात मराठी पुस्तकेही आहेत.

पदव्युत्तर अभ्यासाला किंवा स्थानिक इतिहासाला शोधगंगेइतके उपयोगी दुसरे काही मला आढळले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, आणि त्यांत बडोदे संस्थान, होळकर, शिंदे यांच्या राज्यकारभारावरचे, तसेच मराठी साहित्यावरचे मराठीतून लिहिलेले प्रबंधही आहेत. प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी असते, त्यामुळे सगळे उतरवत बसू नये. आधी अनुक्रमणिका आणि शेवटची संदर्भसूची उघडावी. चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची हाताशी आली की अर्धे काम झाले. मात्र दर्जा सारखा नाही. काही प्रबंध उत्तम, तर काही एकमेकांची उतारेबाजी. दोन-तीन पाने वाचली की कळते.

नातीच्या त्या लेखाकडे येतो. जेस्टोर हा अमेरिकेतील संग्रह आहे. स्वतःच्या ई-मेलवर मोफत खाते उघडले तर महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’ आणि मुंबईचे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांचे जुने अंक त्यात आहेत. खूप जुने, स्वामित्वहक्क संपलेले लेख खात्याशिवायही उघडतात. ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्हज’ हा दक्षिण आशियाविषयीच्या जुन्या अहवालांचा व नियतकालिकांचा संग्रह त्याच ठिकाणी आहे आणि तो पूर्ण मोफत आहे.

कोणत्याही विकाऊ लेखासाठी कार्ड काढण्याआधी लेखाचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर टाकावे आणि निकालाखालच्या ‘सर्व आवृत्त्या’ पाहाव्यात. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत ठेवलेली असते, असे वारंवार दिसते. तरीही नाहीच मिळाली तर लेखकाला दोन ओळींचे ई-मेल लिहावे. प्राध्यापक मंडळी आपला लेख मागणाऱ्यावर सहसा खूषच होतात.

मराठी आणि संस्थानी साहित्य

मराठी विश्वकोशाचे वीसही खंड विनामूल्य वाचता येतात. पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे जुन्या नोंदींतली लोकसंख्या, कारखाने, रस्ते हे त्या काळचे आहेत. इतिहास-साहित्यासाठी निर्धास्त वापरावा, आकडेवारीसाठी नाही. शब्दार्थासाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि प्राचीन मराठीचा तुळपुळे यांचा कोश शोधता येतात. आजोबांच्या पत्रातला ‘सरंजाम’, ‘खासगी’, ‘फडनिशी’ असला शब्द अडला की तिथे जावे. मी तर कधी कधी उगाचच जातो आणि तासभर बाहेर येत नाही.

जुनी छापील पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे खंड तिथे सापडतात. (रियासतकार सरदेसाईंची सगळी नोकरी बडोद्यातच झाली, हे नव्या पिढीला सांगावे लागते.) अडचण एकच : भारतात स्कॅन झालेल्या हजारो मराठी पुस्तकांची नावे तिथे रोमन लिपीत आणि वाटेल तशी लिहिली आहेत. देवनागरीत शोधले तर पुस्तक नाही असे वाटते, प्रत्यक्षात असते. ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही करून पाहावे. शेवटचा ‘अ’ लावून आणि न लावून पाहावे. पुस्तकाच्या नावाने सापडले नाही तर लेखकाच्या आडनावाने शोधावे.

हीच गोष्ट इंग्रजी कागदपत्रांत. गायकवाड हे नाव कंपनी सरकारच्या काळातील कागदांत ‘गुइकोवार’, पुढे ‘गायकवार’ अशा वळणाने लिहिलेले आहे. शिंदे ‘सिंदिया’ होतात. आजच्या वर्तणीने शोधणाऱ्याच्या हाती निम्मे कागदही लागत नाहीत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ पासून खुले आहे, आणि त्यात परराष्ट्र व राजकीय खात्याच्या फायलींची सूची आहे. नोंदणी मोफत. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते एवढेच ठाऊक असलेल्या कुटुंबांनी आडनावापेक्षा खाते, महाल आणि साल यांनी शोधावे. नावानिशी उल्लेख मिळणे नशिबाचा भाग, पण ते ज्या कचेरीत होते तिचा कारभार मात्र कळू शकतो. १९२३ चे दोन खंडांतले बडोदे संस्थानचे गॅझेटिअर सोबत ठेवावे.

‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्टवर आहेत. ते मोफत नाहीत. परदेशी विद्यापीठात शिकणारे नातवंड असेल तर त्यालाच एखादी बातमी शोधून द्यायला सांगावे.

लॉगिनबद्दल

महाविद्यालयाने दिलेले नाव आणि पासवर्ड ज्याचे त्याने वापरावे. घरातल्या सगळ्यांनी, शेजाऱ्यांनी, व्हॉट्सअ‍ॅप गटाने ते वापरले आणि एका रात्रीत शेकडो फायली उतरवल्या की प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश तात्पुरता थांबवू शकतो. मग परीक्षेच्या तोंडावर इतर मुलांची अडचण होते. वर सांगितलेल्या मोफत ठिकाणी नोंदणीला ई-मेल लागतो. कुठेही कार्ड क्रमांक मागितला तर आपण चुकीच्या ठिकाणी आहोत असे समजून बाहेर पडावे. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर हे न सांगता राहवत नाही.

ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांनी ग्रंथपालांकडे जाताना एक चिठ्ठी करून न्यावी : लेखक, लेखाचे नाव, नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, अंक, पृष्ठे. यांतले जेवढे ठाऊक असेल तेवढे. ग्रंथालय डेलनेटचे सभासद असेल तर दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयातून पुस्तक मागवता येते का, हेही त्याच चिठ्ठीवर खाली लिहून विचारावे.