कापूस तोफांकडे गेला, जखमांना शेवाळ मिळाले

१/८
पहिल्या महायुद्धात कापसाचे दोन दावेदार होते : दारूगोळ्याचा कारखाना आणि रुग्णालय. नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेने कापसाचे गनकॉटन हे स्फोटक बने. आणि स्फोटकांनी केलेल्या जखमा बांधायलाही कापूसच लागे. #थ्रेड

२/८
फ्रान्स-बेल्जियममधील रणभूमी म्हणजे वर्षानुवर्षे शेणखत घातलेली शेते. गोळ्यांच्या तुकड्यांबरोबर ती माती मांसात खोल शिरे आणि तिच्यासोबत धनुर्वाताचे व वायुकोथाचे जंतूही. पेनिसिलिनचा शोध लागायला १९२८ साल उजाडायचे होते. चिघळलेला हात किंवा पाय कापणे हाच अनेकदा अखेरचा उपाय असे.

३/८
नोव्हेंबर १९१४ मध्ये एडिंबरा येथील शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्रातून एक पर्याय सुचवला : दलदलीत वाढणारे स्फॅग्नम शेवाळ. हा उपाय शत्रूच्या घरचा होता; जर्मनीत तो १८८० च्या दशकापासून परिचित होता.

४/८
या शेवाळातील बहुतांश पेशी मृत, पोकळ आणि सच्छिद्र असतात. त्यामुळे ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट द्रव शोषते. कापूस पाच-सहा पटच. पू व रक्त पट्टीभर पसरे, लगेच बाहेर झिरपत नसे.

५/८
दुसरा गुण पेशीभित्तिकेत दडलेला होता. तेथील नैसर्गिक बहुवारिके, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्या, भोवतालचे धनभारित आयन धरून ठेवतात आणि हायड्रोजन आयन सोडतात. परिसर आम्लधर्मी होतो व जंतूंची वाढ खुंटते.

६/८
१९१६ मध्ये ब्रिटिश युद्ध खात्याने या पट्ट्यांना मान्यता दिली. स्कॉटलंड, आयर्लंड आणि डार्टमूरच्या दलदलींतून स्त्रिया व मुले शेवाळ गोळा करीत, काड्या-कचरा निवडून वाळवीत आणि मलमलीच्या पिशव्यांत भरीत. युद्धाच्या अखेरीस दरमहा सुमारे १० लाख पट्ट्या ब्रिटनमधून रवाना होत होत्या.

७/८
युद्ध संपले, कापूस पुन्हा मिळू लागला. हाताने निवडाव्या लागणाऱ्या शेवाळाचा खटाटोप मागे पडला. पुढे प्रतिजैविके आली आणि जंतूंशी लढण्याचे काम पट्टीकडून औषधाकडे गेले.

८/८
आज अनेक जंतू त्या प्रतिजैविकांना जुमानत नाहीत, म्हणून संशोधक पुन्हा नैसर्गिक बहुवारिकांकडे वळले आहेत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे धनभारित कायटोसान जंतूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते फोडते. त्याच्या पट्ट्या अमेरिकी सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानात रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या. पट्टी हे जखमेचे नुसते झाकण नव्हे, तीही जंतूंशी लढू शकते, हे शतकापूर्वी दलदलीतल्या शेवाळाने दाखवून दिले होते.