बर्फातील लपणशिकार

बर्फाने झाकलेल्या रानात जमिनीवर आडोसा करून त्यात बसायचे आणि हरीण आपल्या वाटेने समोर येईपर्यंत थांबायचे, या शिकारपद्धतीला लपणशिकार म्हणता येईल. लपण हा शब्द आपल्याकडे वन्यजीवनिरीक्षकांच्या तोंडी रुळलेला आहे. तोच आडोसा झाडावर बांधला की त्याचे मचाण होते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांची शिकार हा गुन्हा असल्याने महाराष्ट्रातील जंगलांत लपण आणि मचाण आज छायाचित्रांसाठी व बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील प्राण्यांच्या नोंदीसाठी वापरली जातात. प्रस्तुत नोंद उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांभोवतीच्या मिशिगन, विस्कॉन्सिन व मिनेसोटा या राज्यांतील प्रथेविषयी आहे. तिथे ही शिकार कायदेशीर असून परवाना आणि ठरलेला हंगाम यांच्या चौकटीत चालते.

सावज असते ते पांढऱ्या शेपटीचे हरीण (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस). कॅनडाच्या दक्षिण भागापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत ते आढळते. आपल्या चितळ-सांबरांप्रमाणे नराला फाटे फुटलेली, दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी शिंगे असतात. धोका जाणवला की शेपूट उभी राहते आणि तिची खालची पांढरी बाजू निशाणासारखी फडकते. नाव त्यावरूनच पडले. उन्हाळ्यातील तांबूस अंगरखा शरद ऋतूत गळतो आणि करड्या-तपकिरी, दाट केसांचा येतो. यातील राठ केस आतून पोकळ असतात. त्यांत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून बसलेल्या हरणाच्या पाठीवर पडलेला बर्फ बराच वेळ न वितळता तसाच राहतो.

या हरणाचा हिवाळा शरदातच साठवलेल्या चरबीवर निघतो. थंडी वाढली की त्याची भूक आपोआप मंदावते, हालचाल कमी होते. बर्फ साधारण गुडघ्याएवढा साचला की उत्तरेकडील हरणे सीडर व हेमलॉक या सदाहरित वृक्षांच्या दाट राईत एकत्र येतात. वरच्या फांद्या बर्फ झेलतात, वारा अडतो आणि अनेक खुरांनी तुडवून पायवाटा मोकळ्या राहतात. वसंत येईपर्यंत वजन पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक घटू शकते. मरणाऱ्यांत आधी पाडसे असतात. लपणशिकारीचा विचार करताना हे जमाखर्चाचे गणित नजरेआड करता येत नाही. हाका घालून किंवा मागावर धावून हरणांना खोल बर्फातून पळवणे म्हणजे जी मारली जाणार नाहीत त्यांचीही शिल्लक संपवणे होय. बसून वाट पाहणारा शिकारी कळपाला उठवत नाही. बर्फाच्या दिवसांत ही पद्धत इतरांहून अधिक न्याय्य ठरते, ती याच कारणाने.

शिकारीचा मुख्य काळ नोव्हेंबरचा. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला उघडतो. विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि त्याला लागून दहा दिवस ठासणीच्या बंदुकीचे असतात. तिरकामठ्याचा हंगाम याहून लांब. नोव्हेंबरच्या मध्यावर नर माजावर असतात आणि दिवसाढवळ्या फिरतात. डिसेंबरात माज ओसरतो, तेव्हा हरणाची वाट म्हणजे राईतून चाऱ्याकडे आणि चाऱ्याकडून राईत एवढीच उरते. सुपीरियर सरोवरावरून येणारे वारे काठच्या भूमीवर अतोनात बर्फ टाकतात. मिशिगनच्या कीवीनॉ द्वीपकल्पात उंचावरील ठिकाणी वर्षाला सरासरी ५ मीटरहून अधिक हिमवृष्टी होते.

लपण दोन प्रकारचे असते. जुना प्रकार म्हणजे पडलेले ओंडके, सदाहरित फांद्या आणि उपटलेल्या झाडाची मुळे यांचा कमरेइतका आडोसा. नवा प्रकार छत्रीसारखा झटकन उघडणाऱ्या कापडी तंबूचा. त्याच्या चार भिंती व छत फायबरग्लासच्या काड्यांनी बाहेर ताणले जातात, आतला भाग काळा असतो आणि खिडक्या हव्या तशा उघडता येतात. कापडाचा रंग कोणता, यापेक्षा तो तिथे कधीपासून उभा आहे हे महत्त्वाचे. हरणाला आपल्या रानाचा नकाशा पाठ असतो. काल मोकळ्या असलेल्या जागी आज गडद ठोकळा दिसला तर ते वाट बदलते. म्हणून जाणते शिकारी बर्फ पडण्याआधी, शक्य तर काही आठवडे आधी लपण उभे करतात, मागे झाडी येईल असे ठेवतात आणि तंबूच्या कडांची सरळ रेषा फांद्यांनी मोडतात. पहिला बर्फ छतावर आणि आजूबाजूच्या झुडपांवर सारखाच पडला की तंबू रानाचा होऊन जातो.

मात्र हाच बर्फ त्याचा शत्रूही आहे. ओला बर्फ छतावर साचला की काड्या मोडतात, तंबू बसतो. छतावरचा बर्फ वेळोवेळी आतून थापटून पाडावा लागतो. गोठलेल्या जमिनीत साध्या खुंट्या शिरत नाहीत आणि भुसभुशीत बर्फात टिकत नाहीत. तिथे दोरीला आडवी काठी बांधून ती बर्फात पुरतात व वरून तुडवून घट्ट करतात. तळाशी बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि कापड जमिनीला असे चिकटते की ओढताना फाटते, म्हणून कडेखाली फांद्या अंथरतात. आत बसायच्या जागेवरील बर्फ मातीपर्यंत खरवडून काढणे हे सर्वांत मोलाचे काम. कडक थंडीत बुटाखाली बर्फ करकरतो आणि तो आवाज स्थिर हवेत दूरवर जातो. ताजा मऊ बर्फ आवाज गिळतो. वितळून गोठलेला पापुद्रा पावलागणिक फुटतो. पापुद्र्यावर हरणाचीही चाहूल लवकर लागते, हा बसलेल्या माणसाचा फायदा.

हरणाच्या नजरेबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. त्याच्या डोळ्यात लाल रंग टिपणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे शिकाऱ्याचे झगझगीत नारिंगी जाकीट त्याला मळकट दिसते. उलट निळ्या रंगाला आणि माणसाला न दिसणाऱ्या अतिनील किरणांना ते डोळे संवेदनशील असतात. ताजा बर्फ अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात परत फेकतो. आपल्याला शुभ्र वाटणारे एखादे कापड हे किरण शोषत असेल, तर बर्फावर ते हरणाला काळसर डागासारखे दिसू शकते. पांढरा पोशाख घातला की काम झाले, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. लपणाच्या आत तर पांढरे घालूच नये. बाहेरील बर्फाचा उजेड खिडकीतून चेहऱ्यावर व हातावर पडतो. काळा सदरा, काळे हातमोजे आणि पाठीमागच्या खिडक्या बंद, ही रीत योग्य. मागची खिडकी उघडी राहिली तर शिकाऱ्याची आकृती उजेडावर ठळक उठते.

तरीही हरणाचा पहिला भरवसा नाकावर असतो. वारा हरणाकडून लपणाकडे यावा, हा नियम सर्व ऋतूंत सारखाच. बर्फात एक भर पडते : संध्याकाळी थंड, जड हवा उतारावरून ओघळीकडे वाहू लागते आणि माणसाचा वास सोबत नेते, म्हणून उतरणीच्या तोंडाशी असलेली सकाळची चांगली जागा संध्याकाळी निरुपयोगी ठरू शकते. लपणाकडे जाण्याची वाटही हरणांच्या वाटेला छेदणारी नसावी.

बर्फ रानातील हालचालींची वही उघडून ठेवतो. खुराच्या ठशाची कड धारदार असेल तर तो ताजा; कड गोलावलेली, आत भुकटी साचलेली किंवा तळ गोठलेला असेल तर जुना. बसल्या जागी लंबगोल खळगा पडतो आणि त्याचा तळ अंगाच्या उबेने चकचकीत झालेला असतो. मोठा नर उथळ बर्फात पाय ओढत चालतो, अशी खूण शिकारी सांगतात; खोल बर्फात मात्र सगळीच ओढतात, त्यामुळे ती खूण तिथे उपयोगाची नाही.

चार-सहा तास निश्चल बसणे हीच या शिकारीची खरी मेहनत. अंग पायांकडून गारठते, म्हणून बुटाखाली फोमचा तुकडा घालतात. बंद तंबूत गॅसची शेगडी पेटवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गुंगी आल्याचे माणसाला कळत नाही. शेगडी लावायचीच तर खिडकी उघडी हवी. बंदूक उबदार घरात नेऊन पुन्हा थंडीत आणली की तिच्यावर दव धरते व गोठते, म्हणून ती बाहेरच्या थंड खोलीत ठेवतात. दाट वंगण थंडीत घट्ट होते. नळीत बर्फ शिरू नये म्हणून तोंडाला पातळ चिकटपट्टी लावतात. तिरंदाजाला जाड बाहीचा त्रास होतो. दोरी बाहीवर घासली की बाण भरकटतो.

नेम धरताना बंदुकीवरील दुर्बिणीतून खिडकी मोकळी दिसते, पण नळी दुर्बिणीच्या खाली असते आणि गोळी कापडातून जाते, ही चूक नवख्यांकडून घडते. गोळी किंवा बाण लागल्यावर बर्फावरील रक्त बोलते. फेसाळ, गुलाबी थेंब फुप्फुसाचे. काळपट लाल यकृताचे. हिरवट-तपकिरी घाण मिसळली असेल तर आतड्याचे. पहिल्या बाबतीत अर्धा तास थांबावे, पुढच्या दोन्हींत कित्येक तास, कारण लगेच पाठलाग केला तर जखमी हरीण उठून लांब जाते. हिमवृष्टी चालू असेल तर हाच माग तासाभरात पुसला जातो. अशा वेळी थांबावे की निघावे हा कठीण निर्णय असतो. त्यावर एकच खात्रीचा उपाय आहे : दाट बर्फ पडत असताना अगदी जवळचे, स्पष्ट सावज सोडून दुसरे मारू नये. मारलेले हरीण कडाक्याच्या थंडीत लगेच गोठू देणेही चुकीचे. स्नायू ताठरून सैल होण्यापूर्वी गोठले तर मांस चिवट होते.

माणसांची सुरक्षितता हा लपणातील शिकारीचा नाजूक भाग आहे, कारण चांगले लपलेला माणूस दुसऱ्या शिकाऱ्यालाही दिसत नाही. विस्कॉन्सिनने १९४५ मध्ये लाल आणि १९८० मध्ये झगझगीत नारिंगी पोशाख सक्तीचा केला. बंदुकीच्या हंगामात राज्याच्या जमिनीवरील लपणावर सर्व बाजूंनी दिसेल असे किमान १४४ चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी कापड लावावे लागते.

युरोपीय वसाहतींच्या कितीतरी आधीपासून इथले ओजिब्वे लोक हरणांची शिकार करत आले. त्यांच्या भाषेत हरणाला वावाश्केशी म्हणतात. १८३७ व १८४२ च्या करारांत राखलेला त्यांचा शिकारीचा हक्क संघीय न्यायालयाने १९८३ मध्ये पुन्हा मान्य केला. एकोणिसाव्या शतकातील बाजारू शिकारीने हरणे इतकी घटली की १९०० च्या सुमारास अमेरिकेत सुमारे पाच लाखच उरली होती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. संख्या वाढल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. पर्यावरणविचारक आल्डो लिओपोल्ड (१८८७-१९४८) यांनी विस्कॉन्सिनमध्ये १९४३ साली माद्यांचीही शिकार खुली करण्याचा आग्रह धरला, कारण हिवाळी राया कुरतडून उघड्या पडल्या होत्या आणि हरणे उपासमारीने मरत होती. लोकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. पुढील दशकांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

लपणासमोर मका किंवा बीट टाकून हरणे बोलावण्याची प्रथा आता आक्रसत आहे. हरणांचा मेंदू पोखरणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आढळला, आणि एका ढिगावर अनेक तोंडे लागल्याने तो पसरण्याचा धोका वाढतो. मिनेसोटात आमिषाला मनाई आहे. मिशिगनने २०१९ मध्ये खालच्या द्वीपकल्पात ती लागू केली. बर्फात भुकेल्या प्राण्याला ढिगाकडे ओढणे हे लपणशिकारीच्या मूळ कल्पनेतही बसत नाही.

विस्कॉन्सिनचे नैसर्गिक साधनसंपत्ती खाते उत्तर भागात १ डिसेंबर ते ३० एप्रिल दररोज बर्फाची खोली आणि तापमान नोंदवते. बर्फ ४६ सेंमी. (१८ इंच) किंवा अधिक असेल त्या दिवसाचा एक गुण, पारा -१८° से. किंवा त्याखाली गेला त्या दिवसाचा आणखी एक. बेरीज ५० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १०० गाठली की अतितीव्र. आणि पुढच्या नोव्हेंबरात माद्यांसाठी किती परवाने द्यायचे, हे ठरवताना ही बेरीज समोर ठेवली जाते.