मागच्या चाकाची उंची

लष्करामुळे आमच्या देवळाली कॅम्पला बुलेट जुनीच ओळखीची. त्याआधीच्या बहुतेक मोटारसायकलींना मागच्या चाकावर स्प्रिंग नसे. असे ती फक्त सीटखाली. विलायतेत १९४९च्या बुलेटने मागे शॉक ॲब्सॉर्बर आणले. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली नि हे सुख आपल्याकडेही रुळलं.

हल्ली पोरं आखूड शॉक बसवून गाडी खाली घेतात. मग डबलसीट बसलं की गतिरोधकावर सायलेन्सर घासतो. शॉकवरची खाचांची कडी दोन्हीकडे सारखी फिरवली की स्प्रिंग आवळते, मागची बाजू जरा उचलते. शॉकची लांबी मात्र तेवढीच राहते.

म्हणून उंची ठरवताना मागे आईला बसवून पाहा. धक्का तिच्याच पाठीला बसतो.