टॉकी ते टाकी

आमच्या बीड जिल्ह्यात 'वेस्टर्न' म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे पश्चिम महाराष्ट्र. दसरा-दिवाळी उरकली की गावंच्या गावं बिऱ्हाड लादून ऊस तोडायला तिकडे निघतात. दुसरी म्हणजे 'शोले'. पहिल्या वेस्टर्नवर विद्वानांनी अहवाल लिहिले आहेत. दुसऱ्याचा आमच्या जिल्ह्यापुरता इतिहास मात्र कुणी हातात घेतला नाही, म्हणून ते काम महसूल खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसावर येऊन पडलं आहे. इतिहासकाराला लागणारा एक गुण माझ्या अंगी नक्की आहे. जुना कागद माझ्याच्यानं फेकवत नाही.

तर मुळापासून सुरू करू. वेस्टर्न हा प्रकार अमेरिकेचा, असं आपण धरून चालतो. पण त्याची कुळकथा सातबाऱ्यासारखी आहे, खोलात जावं तितकी नावं निघतात. जपानच्या कुरोसावांना जॉन फोर्डचे अमेरिकन चित्रपट फार आवडायचे. त्यांनी १९५४ साली 'सेव्हन सामुराय' काढला. दरोडेखोरांनी गांजलेलं गाव लढवय्ये भाड्यानं आणतं, अशी गोष्ट. १९६० साली अमेरिकेनं त्याच गोष्टीला टोप्या आणि पिस्तुलं देऊन 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. १९६४ मध्ये इटलीच्या सर्जिओ लिओनेंनी कुरोसावांचाच दुसरा चित्रपट उचलला आणि अमेरिकेचं वाळवंट म्हणून स्पेनमधली माळरानं दाखवली. मग आले सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी. त्यांनी सगळ्यांकडून थोडं थोडं घेतलं आणि बेंगळुरूजवळ रामनगरच्या खडकांत 'रामगड' वसवलं. घोडा अमेरिकेचा, खोगीर जपानचं, लगाम इटलीचा आणि चंदी कर्नाटकाची!

यात मराठी माणूस कुठे, असा प्रश्न आपल्याला पडतोच. तो सगळीकडे आहे. अख्खं रामगड उभं केलं कलादिग्दर्शक राम येडेकरांनी. रेल्वेवरच्या दरोड्याचं चित्रण पनवेलच्या बाजूला झालं. विजू खोटे कालिया होऊन गब्बरच्या गोळीनं मेले, सचिन अहमद होऊन मेले. फिल्मफेअरची नऊ नामांकनं मिळालेल्या या चित्रपटाला बक्षीस मिळालं ते एकच, संकलक एम. एस. शिंदे यांना. म्हणजे एवढ्या मोठ्या कारभारात गौरव झाला तो कात्रीचा. सरकारी नोकरीत अंदाजपत्रकं पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

चित्रपट लागला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. देशात आणीबाणी होती. मुंबईच्या 'मिनर्व्हा'त तो पाच वर्षं चालला. सत्तर एमएमचा पडदा, स्टिरिओफोनिक आवाज वगैरे वर्णनं आम्ही वाचली. आम्हाला तो भेटला यात्रेतल्या तंबूत. पडद्याला एक ठिगळ होतं आणि ठाकूर बोलायला उभा राहिला की ते नेमकं त्याच्या शालीवर यायचं. रिळांचा क्रम ऑपरेटरच्या झोपेवर अवलंबून. एकदा जय मेला, वीरूनं हंबरडा फोडला आणि पुढच्या रिळात जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवायला लागला. तंबूत कुणी हरकत घेतली नाही. माझ्या शेजारची म्हातारी एवढंच म्हणाली, "बरं झालं बाई, जगला."

आमच्या लोकांनी 'शोले' जसा पाहिला तसा मुंबईकरांनी पाहिला नसणार, याविषयी मला शंका नाही. १९७२ च्या दुष्काळाला फार दिवस झाले नव्हते. तंबूतल्या निम्म्या लोकांनी तेव्हा रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. गब्बरच्या अड्ड्यावरचे ते अजस्र धोंडे पडद्यावर आले तेव्हा मागून एकानं मोठ्यांदा हिशेब मांडला, किती ब्रास खडी निघेल याचा. दुसऱ्यानं दुरुस्ती सुचवली. गब्बर इकडे कालियाला आपला हिशेब विचारतोय आणि तंबूत ब्रासचा भाव चाललाय!

दुसरी गोष्ट रेल्वेची. 'शोले' सुरू होतो तोच मुळी गाडी स्टेशनात शिरण्यानं. वेस्टर्नचं आणि रुळांचं नातं जुनं आहे. लिओनेंच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये तर सगळी मारामारी येणाऱ्या रेल्वेपायीच आहे. आमच्याकडे परळीला निजामाच्या काळापासून रुळ होते, पण बीड शहराला गाडी नव्हती. रामगडला स्टेशन आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणाला नाही, हे शल्य घेऊन आम्ही तो चित्रपट पाहत आलो. अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनाला, बीडहून अहिल्यानगरकडे गाडी सुटली. 'शोले'ला तेव्हा पन्नास वर्षं होऊन महिना उलटला होता.

पण हे सगळं प्रास्ताविक. आमच्या जिल्ह्यात 'शोले' टिकला तो गब्बरमुळे नाही. तो टिकला टाकीमुळे.

पुण्या-मुंबईचे चिकित्सक विचारतात, रामगडमध्ये वीज नाही, जयाबाई रोज कंदील मालवतात, मग उंच टाकीत पाणी चढतं कसं? हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडला नाही. टाकीत पाणी असतं असं गृहीत धरणारा माणूस मराठवाड्यातला नव्हे. आमच्याकडे आधी टाकी होते. मग पाइप येतात. मग पाइप कुठे गेले याची चौकशी होते. या सगळ्यात टाकीचा खरा उपयोग काय, हे कळत नव्हतं. तो वीरूनं दाखवून दिला.

मराठी वर्तमानपत्रांत 'शोले स्टाईल आंदोलन' हा शब्द आता इतका रुळलाय की तो 'रास्ता रोको'च्या शेजारी बसतो. पीकविमा मिळाला नाही, चढा टाकीवर. विहिरीचं बिल अडकलं, चढा. घरकुलाचा हप्ता, रस्त्याचं अतिक्रमण, आरक्षण, सगळ्याला टाकी. पुढे मोबाइलचे टॉवर आले तेव्हा उंचीची सोय आणखी वाढली. आमच्या कार्यालयीन भाषेत टाकीला 'जलकुंभ' म्हणतात, त्यामुळे टिपणीत 'सदर इसम जलकुंभावर आरूढ झाला असून' असं वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. एखाद्या देवतेचं वर्णन वाटतं.

माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात असाच एकदा फोन आला आणि तहसीलदारसाहेबांबरोबर फाइल घेऊन मी एका गावी गेलो. वर साठी ओलांडलेला एक म्हातारा बसला होता. धोतर, पटका, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. खाली सगळं गाव. पोरं शिट्ट्या वाजवत होती, "आजोबा, बसंती कुठंय?" म्हणत होती. साहेब तोंडाशी हात धरून ओरडले, "बाबा, खाली या, बसून बोलू!"

"बसूनच हाय मी, रावसाहेब!" वरून उत्तर आलं.

प्रकरण पाझर तलावाचं होतं. दुष्काळात त्याच्या शेतात तलाव झाला, तीन एकर गेली. त्या तलावाच्या कामावर त्यानं स्वतः पाट्या वाहिल्या होत्या. म्हणजे स्वतःचं रान स्वतःच्या हातानं बुजवलं होतं, रोजावर. मावेजाचा कागद तेव्हापासून फिरत होता. पोरांचा दंगा वाढला तेव्हा म्हातारा कठड्याला धरून उभा राहिला.

"हसा रं," तो म्हणाला, "त्याला पोरगी पायजे व्हती. मला माझं रान पायजे. न्हाईतर त्याचं पैसं."

शिट्ट्या थांबल्या. आमच्या जिल्ह्यात मरायची भाषा केवळ संवाद म्हणून ऐकून घेता येत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे पंचनामे मी हातानं लिहिले आहेत. त्यात टाकीवर चढलेला एकही नव्हता. ते सगळे न बोलता गेले होते. म्हणून वर चढून आरडाओरडा करणारा माणूस दिसला की मला मनातून हायसंच वाटायचं. चिंता असायची ती न चढणाऱ्यांची.

मौशी मानली तसे साहेबही मानले. मी मांडीवर फाइल ठेवून लेखी आश्वासन लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर म्हाताऱ्यानं एकच विचारलं, "गोल शिक्का हाय का?" शिक्का तालुक्याला होता. जीप गेली, शिक्का घेऊन आली, तोवर दीड तास. कुणीतरी दोरीनं वर चहा पाठवला. गोल शिक्का दिसल्यावर म्हातारा उतरला. मावेजा त्याला मिळाला, पण तीन वर्षांनी, आणि तोही मधे आणखी एकदा चढल्यावर.

सरकारी माणूस वेळेवर यावा, ही इच्छा तशी सेन्सॉर बोर्डाचीही होती. मूळ 'शोले'त ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो. आणीबाणीत बोर्डाला हे पटलं नाही, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात कसा घेईल? मग शेवट पुन्हा चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलीस हजर झाले. मूळ शेवट २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. आमच्या तंबूत मात्र पोलिसांची एन्ट्री झाली की सगळ्यात मोठा हशा व्हायचा.

कायदाही या बाबतीत मागे राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २२६ आहे. सरकारी नोकराला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवा. वीरू यातून सुटतो, कारण मौशी सरकारी नोकर नव्हती. आमचा म्हातारा काय करता, हे वकिलांना विचारावं लागेल.

त्या गावच्या पंचायतीनं पुढे त्या प्रकारावर कायमचा उपाय केला. टाकीच्या शिडीच्या खालच्या सात पायऱ्या कापून टाकल्या. तेव्हापासून टीसीएल पावडर टाकायला वर जाणारा पाणीपुरवठ्याचा शिपाई शेजारच्या घरून लाकडी शिडी मागून आणतो. शेजारी शिडी देतो, पण आधी विचारतो, "पावडर टाकायलाच चाललास ना?"