ऑर्गनवादकाला संघटना कशाला हवी?

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याला व्यावसायिक संघटनेचे सभासद होऊन आजच्या काळात काही फायदा आहे का? प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतला, आपल्यापासून दूरचा वाटेल. पण ज्या गोव्यात चारशे-साडेचारशे वर्षे चर्चचे संगीत वाजत आले, त्या गोव्यातल्या माणसाने तरी तो परका समजू नये. मी हिंदू घरातला, त्यातून सरकारी कारकून. चर्चच्या संगीताशी माझा संबंध फेस्ताच्या दिवशी कानावर पडेल तेवढाच. मात्र नोकरी, पगार, बदली माणूस आणि संघटना हे विषय माझ्या रोजच्या ओळखीचे. त्याच बाजूने मी या प्रश्नाकडे पाहतो.

संघटना नव्हती तेव्हा काय होते ते आधी पाहू. जर्मनीतल्या ल्युबेक शहरातील सेंट मेरी चर्चमध्ये 1668 साली बुक्स्टेहूड हा मोठा संगीतकार ऑर्गनवादक म्हणून लागला. त्याच वर्षी त्याने आधीच्या वादकाच्या, म्हणजे टुंडरच्या मुलीशी लग्न केले. पुढे तो स्वतः म्हातारा झाला तेव्हा जागेबरोबर त्याची मुलगीही पत्करावी लागेल अशी अट पुढे आली. 1703 मध्ये हॅन्डेल आणि मॅथेसन हे दोन तरुण तिथे जाऊन आले, आणि जागा न घेताच परतले. शेवटी 1707 मध्ये शीफरडेकर नावाच्या वादकाने जागाही घेतली आणि मुलगीही. आज हसू येते, पण यामागे एक गंभीर गोष्ट आहे. निवृत्तिवेतन नाही, विधवेची सोय नाही, मग म्हाताऱ्या वादकाने घरच्यांची काळजी वाहायची कशी? जागा हीच त्याची मिळकत, आणि ती घरात राहावी म्हणून ही तजवीज.

1864 साली लंडनमध्ये रिचर्ड लिम्पस या ऑर्गनवादकाच्या पुढाकाराने 'कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स' निघाले. 1893 मध्ये त्याला राणीची सनद मिळाली आणि ते 'रॉयल' झाले. नाव कॉलेजचे असले तरी मुख्य काम परीक्षा घेण्याचे. नुसते ठरलेले तुकडे वाजवून इथे भागत नाही. समोरचे गाणे आयत्या वेळी दुसऱ्या स्वरात उचलून दाखवावे लागते, न पाहिलेली स्वरलिपी वाजवावी लागते, जागच्या जागी रचना करावी लागते. चर्चमध्ये रोज लागते ते हेच. त्यामुळे पाद्रीसाहेबाला संगीतातले काही कळत नसले तरी उमेदवाराच्या नावापुढची अक्षरे वाचता येऊ लागली. ओळखीपाळखीच्या जागी प्रमाणपत्र आले.

1896 मध्ये न्यूयॉर्कला 145 संस्थापक सभासदांनी 'अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स' स्थापन केली. तिनेही परीक्षा चालवल्या, पण पुढे ती आणखी एका वाटेने गेली. तिच्या आचारसंहितेत असे होते की एखाद्या चर्चमध्ये कायमचा वादक असेल, तर त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या सभासदाने तिथे लग्नाला किंवा अंत्यविधीला वाजवायला जाऊ नये. नवरा-नवरीने आपल्या पसंतीचा वादक आणला तर कायमच्या वादकालाही पैसे द्यावे लागत, म्हणजे एका वाजवण्याला दोन बिदाग्या. शिवाय वादकांनी किती मानधन मागावे याची कोष्टकेही संस्था काढत असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याला स्पर्धेत अडथळा ठरवले, आणि 2017 मध्ये संस्थेने हे नियम सोडण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. त्या वेळी तिचे सुमारे 15,000 सभासद आणि 300 शाखा होत्या.

म्हणजे दर ठरवणे गेले, जागा राखणे गेले. मग सभासद वर्गणी भरायची ती कशासाठी?

उत्तरासाठी आपल्या मेस्ताकडे वळावे लागेल. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून शाळा निघाल्या. तिथला मेस्त मुलांना अक्षरे, प्रार्थना, सोलफेज आणि रबेक शिकवी. मिस, लदिन, मयत, फेस्त, सगळीकडे तोच. त्याला संघटना नव्हती, गावच त्याची संघटना होता. कोमुनिदाद आणि चर्चची फाब्रिक यांच्या उत्पन्नावर हा गाडा चाले. आता याचे मूळही सांगितले पाहिजे. 1541 मध्ये तिसवाडीतील मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. ज्या नमशीच्या जमिनी देवाच्या दिवाबत्तीला आणि गावच्या चाकरीला लावलेल्या होत्या, त्यातलाच हा पैसा. ही जखम विसरायची नाही, आणि त्या पैशावर तयार झालेली कलाही नाकारायची नाही. इतिहास वाचायचा तर दोन्ही पाने वाचावी लागतात.

या शाळांतून निघालेले गोवेकर मुंबईच्या सिनेसंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927-2012) हे त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तील नाव ही त्या शिष्याने गुरूला वाहिलेली दक्षिणा. मुंबईत वादकांची 'सिने म्युझिशियन्स असोसिएशन' होती आणि वादकांच्या मोबदल्यासाठी ती निर्मात्यांशी बोलणी करी. पण पुढे सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद ओसरले, आणि संघटना ते थांबवू शकली नाही.

यावरून मला दिसते ते असे. संघटना बाजाराला अडवू शकत नाही. कधी कायदा आडवा येतो, कधी यंत्र. तरीही तीन गोष्टी उरतात. पहिली, परीक्षा, म्हणजे आपली पात्रता आपल्याच धंद्यातल्या जाणत्यांनी तपासलेली असणे. दुसरी, आजारी पडलो तर रविवारी माझ्या जागी कोण बसेल, हे विचारायला चार माणसे असणे. तिसरी, उद्या एकाएकी कामावरून काढले तर करारात काय लिहिले आहे ते समजावून सांगणारे कोणीतरी असणे. चर्चमध्ये ऑर्गनवादक बहुधा एकटाच असतो. कचेरीत मला शेजारच्या टेबलावर विचारता येते, त्याच्या शेजारी टेबलच नाही.

तेव्हा मला विचाराल तर फायदा आहे. दरपत्रकासाठी वर्गणी भरणारा मात्र आता निराश होईल. आपल्या मेस्ताला गावाने सांभाळले तोवर त्याला संघटनेची गरज भासली नाही. गावकीचे उत्पन्न आटले, शाळा मोडल्या, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे कोण होते? देवळातल्या शणैवाजप्यालाही हाच प्रश्न लागू पडतो. वाद्य वेगळे, पण सणाच्या दिवशी सगळ्यांना हवे असणारे आणि एरवी कोणाच्याच हिशेबात नसणारे माणूस तेच.